'पूर्ण रिस्टोअर केलेली' एमजीबी विकत घेताना: रंगाखालचा पत्रा कसा तपासायचा

'पूर्ण रिस्टोअर केलेली' असं जाहिरातीत लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. एका गाडीचं सगळं सामान उतरवलेलं असतं, सडलेला पत्रा कापून नवा जोडलेला असतो, सांगाडा उघडा करून आतून-बाहेरून रंगवलेला असतो. दुसरीच्या गंजावर लांबी (पुट्टी) भरून, घासून, वरून झकास रंग मारलेला असतो आणि सीटना नवं चामडं चढवलेलं असतं. फोटोत दोन्ही सारख्याच चमकतात, मागितलेली किंमतही बऱ्याचदा सारखीच असते. फरक असतो तो जमिनीपासून वीतभर उंचीवर, आणि तो पाहायचा तर गुडघे टेकावे लागतात.

इथे एमजीबीच घेतली आहे, कारण लंडन, लेस्टर किंवा बर्मिंगहॅमकडच्या कुणा मराठी माणसाला जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यावीशी वाटली, तर पहिली गाडी बहुधा हीच समोर येते. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंगडनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या. उघड्या टपाची रोडस्टर आधी आली, पक्क्या टपाची जीटी १९६५ मध्ये. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन दणकट आणि सोपं आहे. सुटे भाग आजही नवे मिळतात. १९८८ पासून तर संपूर्ण नवी बॉडीही पुन्हा बनू लागली. म्हणून इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांतले दोष पैसे टाकून सुटतात, पण सडलेली बॉडी सुटी करून नीट बांधायचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या पुढे जाऊ शकतो. तेव्हा पत्र्याला पैसे मोजा, इंजिनाला नाही.

ट्रायम्फच्या टीआर मालिकेतल्या जुन्या गाड्यांना खाली वेगळी चासी असते. एमजीबीला ती नाही. बॉडी हाच तिचा कणा, आणि रोडस्टरला वर छप्पर नसल्यामुळे जवळजवळ सगळा ताण दारांखालच्या दोन पेट्या पेलतात. त्यांना सिल म्हणतात.

निघण्याआधी फोनवर

विकणाऱ्याकडे तीन गोष्टी मागा: काम चालू असतानाचे फोटो, बिलं आणि चासी नंबर. फोटोंत रंगवलेली गाडी नको; सिल कापून उघडे केलेले असतानाचे फोटो हवेत. रोडस्टरचे सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी किंवा पाइप वेल्ड करून बॉडी ताणून धरावी लागते. ती न लावता सिल कापले की गाडी मधून बसते, आणि नवा सिल त्या बसलेल्या आकारातच पक्का होतो. फोटोत ती पट्टी दिसली, तर काम करणाऱ्याला काम येत होतं असं समजा. 'फोटो काढले होते पण सापडत नाहीत' असं उत्तर आलं, तर किंमत ठरवताना सिल जुनेच आहेत असं धरा.

बिलांतही पाहायचं ते नेमकं काय घेतलं होतं. बाहेरचे सिल, त्यांच्या आतले मधले पडदे, कॅसल रेल (सिलला खालून जोडलेली पट्टी), फ्लोअर असे भाग लिहिलेले असतील तर काम खोलवर गेलं आहे. नुसतं 'बॉडी वर्क आणि रंग' असं एका ओळीत असेल, तर त्या ओळीने काहीच सिद्ध होत नाही.

नंबर प्लेटवरून ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा, म्हणजे तिथल्या वार्षिक तपासणीचा, जुना इतिहास फुकट पाहता येतो. कोणत्या वर्षी सिलच्या गंजामुळे गाडी नापास झाली, मैलांचा आकडा कसा वाढत गेला, हे सगळं तिथे असतं. गंजाच्या शेऱ्यानंतर नोंदीच थांबल्या असतील, तर नेमका तोच भाग समोर जाऊन पाहायचा.

शेवटची विनंती: 'मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका.' पोहोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवून ते गार आहे ना, ते पाहा.

सोबत टॉर्च, छोटा आरसा, फडक्यात गुंडाळलेलं साधं फ्रिजचं चुंबक, जाड पुठ्ठ्याचा तुकडा आणि खाली अंथरायला जुनी चादर घ्या. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर उत्तम. पावसात गाडी पाहू नका. ओला रंग सगळे दोष झाकतो.

सिल

सिल म्हणजे एक पत्रा नाही. बाहेरची पट्टी, आतली पट्टी आणि दोघींच्या मध्ये उभा पडदा अशी ती तीन थरांची पेटी आहे. खालून तिला कॅसल रेल जोडलेली असते. पेटीची लांबी दारापुरती नाही, पुढे ती मडगार्डच्या पत्र्यामागे जाते आणि मागेही चाकाच्या कमानीपर्यंत पोहोचते. पूर्ण सिल बदलायचा तर पुढचं मडगार्ड उतरवावं लागतं किंवा त्याची खालची कड कापावी लागते. मागच्या मडगार्डची खालची कडही कापावी लागते. स्वस्तात काम उरकणारा हे टाळतो. दाराखाली दिसतो तेवढाच तुकडा कापतो, नाहीतर जुन्या सडक्या पट्टीवर नवी पट्टी नुसती चढवतो. बाहेरून फरक कळत नाही, आत मात्र गंज पसरतच राहतो.

ओळखायचं असं. आधी दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट पाहा. पुठ्ठ्याचा तुकडा फटीच्या तळाशी जेमतेम सरकेल एवढा कापा आणि खालून वर सरकवत न्या. वर जाताना तो अडकला, म्हणजे फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर गाडी मधून बसलेली आहे. दोन्ही बाजूंनी करा. दाराचे बिजागर सरकवून फट बरीचशी लपवता येते. म्हणून दाराची वरची कड मागच्या मडगार्डच्या कडेशी एका रेषेत आहे का, तेही पाहा, आणि दार किंचित उघडून उचलून बिजागर ढिले नाहीत ना याची खात्री करा.

मग जॅक. गाडीच्या बाजूला साधारण मध्यावर, सिलच्या आतल्या अंगाला जॅकिंग पॉइंट असतो. मालकाला विचारून, लाकडाचा ठोकळा ठेवून तिथे जॅक लावा आणि त्या बाजूची चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत उचला. उचलताना कचकच आवाज आला, पत्रा आत दबला किंवा रंगाला तडा गेला, तर तिथेच थांबा. गाडी उचललेली असताना दार उघडून लावून पाहा. आधीसारखंच सहज लागलं आणि फट डोळ्यांना जाणवेल एवढी बदलली नाही, तर सिल आपलं काम करत आहेत. मालक जॅक लावू देत नसेल, तर दुसरी गाडी बघा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीच शिरू नका. त्यासाठी ॲक्सल स्टँड हवेत.

आता चादरीवर आडवे होऊन टॉर्च मारा. कॅसल रेलच्या खालच्या कडेला सरळ, स्वच्छ दुमड दिसायला हवी, आणि तिच्यावर ठरावीक अंतराने स्पॉट वेल्डिंगचे लहान गोल खळगे किंवा त्या जागी घासलेले वेल्डिंगचे टिपके. कड गोलसर, गुबगुबीत दिसत असेल तर ती लांबी आहे किंवा काळ्या अंडरसीलचा, म्हणजे गाडीच्या पोटाला मारायच्या लेपाचा, जाड थर आहे. रिस्टोअर केलेल्या गाडीच्या खाली नवं, जाड, काळंकुट्ट अंडरसील दिसलं तर शंका घ्याच. चांगलं काम केलेला माणूस पोट रंगवून उघडं ठेवतो, कारण त्याला ते दाखवायचं असतं. पाणी निघून जायची भोकं उघडी आहेत का, हेही पाहा. अनेकदा रंगवताना किंवा सील करताना तीच बुजतात आणि नवा सिल काही वर्षांत आतून कुजतो.

बाकीचा पत्रा

पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत चिखल अडवणारा एक उभा पत्रा असतो, कडेला रबर असलेला. रबर वाळलं की चिखल पलीकडे जाऊन सिलच्या तोंडाशी साचतो आणि सडणं तिथूनच सुरू होतं. चाक एका बाजूला पूर्ण वळवून आरशाने पाहा. मडगार्डचा खालचा वीतभर भाग, दाराची खालची कड, मागच्या चाकापुढचा कोपरा आणि हेडलाइटच्या भोवतालचा पत्रा इथे चुंबक फिरवा. लांबीवर ते सरकून पडतं. दाराच्या वरच्या भागात, पुढच्या छोट्या तिकोनी काचेच्या मागच्या टोकाशी उभी चीर जाते, हा एमजीबीचा जुना दोष. ताजा रंग असूनही तिथे बारीक रेघ दिसली तर चीर वेल्ड न करता नुसती भरलेली आहे.

रंगाची जाडी मोजत असाल, तर आकड्यापेक्षा सारखेपणाला महत्त्व द्या. नव्याने रंगवलेल्या गाडीत २०० ते ३०० मायक्रॉन येणं गैर नाही. टपावर किंवा बॉनेटवर २०० आणि मडगार्डच्या खालच्या भागात ७०० आले, तर खाली लांबी आहे.

सीटच्या मागचा गालिचा उचला. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत तिथे झाकणाखाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, मागच्या ॲक्सलच्या पुढे टांगलेल्या दोन खोक्यांत. बॅटरीचं ॲसिड आणि रस्त्यावरचं पाणी दोन्ही त्या खोक्यांना खातात. बरेच जण ती सोडून फक्त फ्लोअर करतात, म्हणून रिस्टोरेशनचा खरा दर्जा इथे चटकन कळतो. तिथूनच जवळ मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर आहेत. त्यांच्या भोवतालचा पत्रा टणक असायलाच हवा. पेट्रोलच्या टाकीचा वरचा पृष्ठभाग डिकीच्या तळाला लागून असतो, तिथे ओल अडकते आणि टाकी वरून सडते. टाकी पूर्ण भरल्यावर पेट्रोलचा वास आला तर कारण हेच असू शकतं.

क्रोम की रबर

१९७४ च्या अखेरीपासून अमेरिकेच्या नियमांसाठी एमजीबीला काळे रबरी बंपर आले आणि गाडी दीड इंच उंच केली गेली. क्रोम बंपरवाल्या गाडीला जास्त भाव मिळतो, म्हणून रबरवाल्यांना क्रोम बसवायचा धंदा जोरात चालतो. ते चुकीचं नाही, पण किंमत रबर बंपरचीच द्यायची. नोंदणी कागदावरचं वर्ष १९७५ किंवा पुढचं असेल आणि समोर क्रोम असेल, तर बहुधा बदल झालेला आहे. मग गाडी खाली आणण्याचं कामही झालंय का ते विचारा. नुसते बंपर बदललेल्या गाडीचं वळणावरचं झुकणं तसंच राहतं.

चासी नंबर जीएचएन ने सुरू झाला तर रोडस्टर, जीएचडी ने सुरू झाला तर जीटी. पुढचा ३, ४, ५ हा आकडा मालिकेचा. इंजिनाच्या ब्लॉकवर रिव्हेट केलेल्या पट्टीवर १८जी किंवा १८जीए असेल, तर ते तीन बेअरिंगचं आधीचं इंजिन. १८जीबी पासून पाच बेअरिंगचं, जास्त टिकाऊ. गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदीवरून प्रमाणपत्र मिळतं. गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठे पाठवली हे त्यात असतं. मूळ रंगाचा आग्रह असेल तर ते मागवाच.

थंड इंजिन सुरू करताना

चोक ओढून सुरू करा आणि नजर ऑइलच्या काट्यावर ठेवा. काही सेकंदांत दाब चढला पाहिजे. खरी परीक्षा गरम झाल्यावर: चालत्या गाडीत ५० ते ८० पीएसआय, आणि थांबलेल्या, मंद चालणाऱ्या इंजिनाला १० ते २५. गरम इंजिनाचा काटा धावतानाही ४० च्या खाली राहत असेल, तर 'इंजिन रीबिल्ट' या शब्दांमागचं बिल मागा. सायलेन्सरमधून निळा धूर ॲक्सिलरेटर सोडल्यावर आला तर बहुधा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. दाबल्यावर आला तर पिस्टनच्या रिंगा. चार सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. जुन्या हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का, हे बिलावरून कळतं. शिसं नसलेल्या पेट्रोलवर लांब धावायचं असेल तर त्या लागतात.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या बेल हाउसिंगच्या तळाशी एक भोक असतं, त्यात स्प्लिट पिन लोंबते. तिथून रात्रभरात थेंब-दोन थेंब ऑइल पडणं या इंजिनाला नवं नाही. डबकं साचत असेल तर क्रँकचं मागचं सील गेलंय, आणि त्यासाठी इंजिन बाहेर काढावं लागतं.

दोन एसयू कार्ब्युरेटर ठीक लागलेत का ते तपासायला फक्त एक पातळ स्क्रू ड्रायव्हर लागतो. इंजिन गरम झाल्यावर एअर फिल्टर काढून एकाचा दट्ट्या जेमतेम ०.८ मिमी उचला. रेस क्षणभर वाढून स्थिरावली तर मिश्रण बरोबर. वाढलेलीच राहिली तर पेट्रोल जास्त. इंजिन बसायला लागलं तर पेट्रोल कमी. दोन्ही कार्ब्युरेटर बरोबर लागूनही आयडल वरखाली होत असेल, तर थ्रॉटलचा दांडा झिजून तिथून हवा शिरते.

पेट्रोलचे पाइप हाताने वाकवून पाहा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं आहे, आणि जुन्या रबराला ते मऊ करून चिरा पाडतं. गरम एक्झॉस्टच्या शेजारी गळणारा पाइप म्हणजे आग. पाइपवर इथेनॉलला चालणाऱ्या दर्जाची छपाई नसेल, तर गाडी घरी आणताच सगळे बदला आणि ५ टक्क्यांचं सुपर पेट्रोल भरा.

किंगपिन, तारांची चाकं, ओव्हरड्राइव्ह

पुढचं चाक उचलून वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा: खेळ गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्याच्याभोवती वळतं त्या उभ्या खिळ्याचा. किंगपिनला दर ३००० मैलांनी ग्रीस लागतं. ग्रीस भरायचे निपल रंगाने बुजलेले दिसले, तर रिस्टोरेशननंतर एकदाही ग्रीस घातलेलं नाही.

तारांच्या चाकांबाबत एक गोष्ट जिवावर बेतू शकते. मधला कानवाला नट, म्हणजे स्पिनर, गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने फिरवल्यावर सुटला पाहिजे. उलट्या दिशेने घट्ट व्हायला हवा. जोडताना डावे-उजवे हब अदलाबदल झाले, तर धावत्या गाडीत स्पिनर आपोआप ढिला होतो. दोन्ही बाजू तपासा. मग हँडब्रेक ओढून, उचललेलं मागचं चाक पुढे-मागे झटका: हब जागेवर असताना चाक खटकलं तर चाक आणि हब जोडणारे दाते (स्प्लाइन) झिजलेत. प्रत्येक तारेवर पान्याने हलकी टिचकी मारा. घट्ट तार टणटणीत वाजते, ढिली बद्द.

टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. कमी चालणाऱ्या गाड्यांची नक्षी उरते, रबर मरतं. १० वर्षांपुढचे टायर बदलायचेच.

चालवायला निदान अर्धा तास मागा. १९६७ पर्यंतच्या गाड्यांना पहिल्या गिअरला सिंक्रो (दाते सहज जुळवणारी रचना) नाही, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला घालताना करकर होणं स्वाभाविक आहे. दुसऱ्याला मात्र होता कामा नये. ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असेल तर चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० मैलांवर बटण दाबा. इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा मिनिटाला ३३५० च्या आसपासवरून २७०० च्या आसपास यायला हवा. काहीच झालं नाही तर आधी वायर आणि स्विच बघतात, मग गिअरबॉक्समधल्या ऑइलची पातळी. त्यात २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच घालायचं असतं. कुणी जाड गिअर ऑइल घातलं असेल तर काढून टाका. गिअर टाकताना मागून 'टक्क' आवाज येतो तो बहुधा डिफरन्शियलच्या वॉशरचा, आणि तो स्वस्तात सुटतो. खड्ड्यांवर डॅशबोर्ड आणि दरवाजे थरथरत असतील, तर पुन्हा सिलकडे वळा.

बॅटरीला तार लावण्याआधी गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे की निगेटिव्ह, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय, ते बघा. १९६७ पूर्वीच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या. त्यांना दुसऱ्या गाडीवरून सवयीप्रमाणे जंप स्टार्ट दिलं की वायरिंग जळतं.

कागद

ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या, मोठे बदल न झालेल्या गाडीला एमओटी सक्तीची नाही आणि 'हिस्टॉरिक' वर्गात टॅक्स शून्य लागतो. नोंद मात्र करावीच लागते. सक्ती नाही म्हणून सोडू नका. सौदा ठरण्याआधी विकणाऱ्याला एमओटी करून आणायला सांगा: फी जास्तीत जास्त ५४.८५ पाउंड असते आणि तिसरा माणूस गाडीखाली उभा राहून पाहतो. विमा कंपनीशी आधीच ठरवलेल्या किमतीचाच घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी बाजारभावाचा वाद घालते.

गाडी महाराष्ट्रात आणायची असेल, तर पैसे देण्याआधी आयातीचे सध्याचे नियम तपासा. २०२१ च्या नियमांनुसार भारतात ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते आणि नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात. मूळ रूप ही अट तिथे आहे. म्हणून मोठे बदल केलेली गाडी या मार्गाला निरुपयोगी.

घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. फिल्टरसकट सव्वाचार लिटर लागतं. किंगपिनच्या निपलना जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ताजं ग्रीस दाबा. तारांची चाकं असतील तर पहिल्या ५० मैलांनंतर चारही स्पिनर तांब्याच्या हातोड्याने पुन्हा ठोका. मग कोरड्या, उन्हाच्या दिवशी सिलची भोकं तारेने मोकळी करून आत लांब नळीने पातळ मेण फवारा, भोकांतून ठिबकेपर्यंत. ठिबकणं थांबल्यावर भोकं पुन्हा मोकळी आहेत ना, ते पाहा.